भातुकलीतही बाप दारू पिऊन यायचा

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात आपल्या वाचकपत्रांत दोन पत्रं आली. पहिलं एका पालकांचं होतं. नववीतल्या मुलीच्या लॅपटॉपवर त्यांनी ‘द सिम्स ४’ हा घर-संसार मांडायचा खेळ पाहिला, त्यात दोन पात्रं एकाच पांघरुणात शिरली, तेव्हा असले खेळ सरसकट बंद करा, असं त्यांचं म्हणणं. दुसरं पत्र कॉलेजातल्या एका मुलाचं. मोठी माणसंही हे खेळ खेळतात, मग त्यात मोठ्यांचं सगळं का नसावं, पडदा कशाला, असा त्याचा सवाल. दोघांनीही ‘प्रौढ आशय’ हा शब्द वापरला आहे आणि दोघांच्याही लेखी त्याचा अर्थ अंगावरचे कपडे एवढाच आहे. मला त्या शब्दाबद्दलच लिहायचं आहे. हा खेळ माझ्या घरात तीन वर्षांपासून चालू आहे, आणि त्यातले आठ महिने आमच्या घरात लकवा झालेला माणूस होता.

मी आरेखक आहे. आयटीआयमधून ड्राफ्ट्समन सिव्हिल केलं आणि १९९४ पासून नागपुरात धंतोलीतल्या एका कार्यालयात घरांचे नकाशे काढते. आधी टी-स्क्वेअर आणि ट्रेसिंग पेपर, नंतर ऑटोकॅड. राहायला महाल भागात, वडिलांच्या घरात. मी, माझी मुलगी आणि बाबा असे आम्ही तिघं.

२०२२ च्या ऑक्टोबरात ‘सिम्स ४’चा मूळ खेळ फुकट झाला. मुलगी तेव्हा आठवीत होती. वर्गातल्या मैत्रिणींकडून तो तिच्याकडे आला. पहिल्या दिवशी तिनं मला हाक मारली ती घर बांधायला. जमिनीचा तुकडा घ्यायचा, भिंती ओढायच्या, दारं-खिडक्या बसवायच्या, मग त्यात माणसं राहायला आणायची. वीस हजार सिमोलियन, म्हणजे खेळातले पैसे, हातात देतात, त्यात भागवायचं. तिनं स्वयंपाकघर पश्चिमेला घेतलं होतं. मी म्हटलं, नागपुरात असं घर काढलंस तर मे महिन्यात बाई ओट्यापाशी उभी राहू शकणार नाही. तिनं लगेच भिंत पाडली. तेव्हापासून रविवारी दुपारी आम्ही दोघी त्या लॅपटॉपसमोर बसतो.

पुढे मला कळलं की हा खेळ खरोखरच माझ्या धंद्यातला आहे. तो ज्यांनी तयार केला त्या विल राइट यांचं कॅलिफोर्नियातलं घर १९९१ च्या ओकलंडच्या वणव्यात जळालं. संसार पुन्हा उभा करताना माणसाला कोणती वस्तू खरोखर लागते, का लागते, हे त्यांच्या मनात घोळत राहिलं. सुरुवातीला त्यांना घर रचण्याचाच खेळ करायचा होता. आतली माणसं होती ती घर जमलं की नाही हे दाखवण्यापुरती. मग माणसंच घरापेक्षा मोठी झाली. पहिला ‘सिम्स’ ४ फेब्रुवारी २००० ला बाजारात आला. म्हणजे ज्या खेळाला आपण मुलांचा टाइमपास म्हणतो, त्याच्या मुळाशी तिशी ओलांडलेल्या एका माणसाचं जळालेलं घर आहे. त्याहून प्रौढ आशय कोणता असतो?

आता बाबांचं सांगते. ते एम्प्रेस मिलचे जुने कामगार, अंगानं काटक. २०२४ च्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या वर असताना, एका सकाळी त्यांच्या हातातला चहाचा कप पडला आणि उजवी बाजू गेली. मेडिकल या सरकारी दवाखान्यातून सोळाव्या दिवशी घरी आणलं. ज्या घरात ते चाळीस वर्षं राहिले, ते घर त्या दिवशी त्यांना आत घेईना. जोतं १८ इंच उंच. चाकाच्या खुर्चीसाठी एकास बारा उतार धरायचा, म्हणजे १८ फूट लांब रॅम्प. आमचं अंगण ९ फूट. बाथरूमचं दार २४ इंच, खुर्ची २५ इंच. तीस वर्षं मी लोकांच्या घरांची दारं काढली आणि माझ्याच बापाला न्हाणीत नेताना एक इंच कमी पडला. शेवटी काटकोनात वळणारा रॅम्प केला, बाथरूमची चौकट फोडून तीन फुटी दार बसवलं, भिंतीला पाइप ठोकले. ते सगळं होईपर्यंत अकरा दिवस बाबांना दोघांनी उचलून नेलं. उचलताना ते डोळे मिटून घ्यायचे.

त्या दिवसांत मुलीनं खेळात आबाजी तयार केले. पांढरी मिशी, बंडी नव्हती म्हणून गंजीफ्रॉक. मग ती चाकाची खुर्ची शोधायला लागली. आम्ही दोघींनी अख्खी यादी चाळली. हॉट टब होता, तऱ्हेतऱ्हेचे झोपाळे होते, परग्रहावर जायचं यान होतं. चाकाची खुर्ची नव्हती. २०२३ च्या जानेवारीत त्यांनी कानाची यंत्रं आणि साखर मोजायचं दंडावरचं उपकरण दिलं, ते चांगलं केलं, मी त्याला कमी लेखत नाही. पण ज्याला चालता येत नाही असा माणूस त्या गावात राहतच नाही. आजार आहेत, तेही पैसे भरून घ्यायच्या एका विस्तारात, म्हणजे मूळ खेळाला जोडायच्या भागात, आणि त्यांची नावं ‘लामा फ्लू’, ‘ब्लोटी हेड’. अंगावर रंगीत खुणा उमटतात, औषध घेतलं की उतरतं. मुलगी म्हणाली, “आई, इथे कोणी खरं बिमार पडतच नाही.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती. खेळात नसेल तर हे फक्त आपल्याच घरी होत असावं, असा तिचा समज झाला होता, आणि मला ते फार लागलं.

बाबा २०२५ च्या जानेवारीत गेले. मुलीची दहावीची बोर्डाची परीक्षा महिन्यावर आली होती. गंगाबाई घाटावरून आल्यावर ती कोणाशी बोलली नाही. अस्थी रामटेकला अंबाळा तलावात सोडल्या, तेरवी झाली, पाहुणे गेले. त्या रात्री अकरा वाजता तिच्या खोलीत उजेड दिसला म्हणून गेले, तर ती खेळ उघडून बसली होती. तिच्या घरातले आबाजीही म्हातारे झाले होते, आणि काळा झगा घातलेला, विळा घेतलेला तो यमदूत अंगणात आला होता. तिनं थांबवलं नाही. अंगणात कलश राहिला. घरातली बाकीची माणसं रडली, आणि मग खेळातल्या दोनेक दिवसांत, म्हणजे आपल्या घड्याळातल्या पाऊण तासात, रेडिओ लावून नाचायला लागली.

ती म्हणाली, “हे नाचून राहिले, आई. एवढ्यात झालं?”

आम्ही दोघी त्या रात्री तेरवीनंतर पहिल्यांदा रडलो. लॅपटॉपचा तो पडदा तिथे नसता तर तिनं तो प्रश्न मला विचारला असता का, मला सांगता येत नाही. म्हणून मी या खेळाच्या बाजूनं उभी आहे, आणि म्हणूनच त्याच्यावर माझी तक्रारही आहे.

परीक्षा झाल्यावर तिनं ‘लाइफ अँड डेथ’ हा विस्तार मागितला. तो ३१ ऑक्टोबर २०२४ ला आला होता, बाबा असतानाच. त्यात अंत्यविधी ठरवता येतो, मृत्युपत्र करता येतं, कोणती वस्तू कोणाला द्यायची ते लिहिता येतं, आणि शोक एकाच साच्याचा नसतो; कोणी चिडतो, कोणी मान्यच करत नाही. मी तो घेऊन दिला. मुलीनं आबाजींचं घड्याळ नातीच्या नावे केलं. बनवणाऱ्यांना हे जमतं याचा तो पुरावा आहे. पण पहिला खेळ २००० चा आणि शोक असा समजून घ्यायला चोवीस वर्षं लागली, आणि अजूनही फुकटच्या घरात सगळे नाचतात. दुःख हवं असेल तर वेगळे पैसे मोजावे लागतात. हे उलट असायला हवं होतं.

आता त्या पालकांशी थोडं बोलते. ताई किंवा दादा, तुम्ही मुलीसाठी घाबरलात, त्यात गैर काही नाही. पण हा खेळ काही सातासमुद्रापारचा नवा प्रकार नाही. आपण त्याला भातुकली म्हणायचो.

महालातल्या आमच्या जुन्या वाड्यात आम्ही सात-आठ पोरी जिन्याखाली भातुकली मांडायचो. साल १९८१ किंवा ८२. त्यात एक मुलगी होती, तिला नेहमी बाप व्हायचं असायचं. आम्ही आई व्हायला भांडायचो, ती बाप मागायची. ती बाहेरून यायची ती झोकांड्या खात, “सैपाक काहून नाही झाला?” असं ओरडायची आणि मातीची बोळकी लाथेनं उडवायची. आम्ही हसायचो. वाड्यातल्या एक आजी ओसरीवर तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या. एक दिवस त्यांचा सुपातला हात थांबला. त्या पोरीला त्या काही बोलल्या नाहीत, असं खेळू नये असंही म्हणाल्या नाहीत. संध्याकाळी तिच्या बिऱ्हाडी गेल्या. त्यानंतर कित्येक रात्री ती मुलगी आणि तिची आई आजींकडे झोपायला असत. त्या मुलीनं घरातलं कोणालाही सांगितलं नव्हतं. खेळात सांगितलं होतं.

आज ती मुलगी ‘सिम्स’ खेळायला बसली, तर तिला तो बाप करता येईल का? त्या खेळात दारू नाही. बार आहेत, पेले आहेत, पेला भरून देणारा माणूस आहे, पिणारा भांबावतोही, पण पेल्यातल्या द्रवाचं नाव ‘ज्यूस’. मुलांना जपायचं म्हणून हे नाव बदललं असेल. ज्या मुलाच्या घरी रात्री दहानंतर बाप कसा येतो हे त्याला पावलांच्या आवाजावरून कळतं, त्या मुलापासून दारू या शब्दाला जपून आपण कोणाला जपलं?

हे जमत नाही असंही नाही. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा खेळ २०१६ मध्ये आला. एरिक बॅरोन या एकट्या माणसानं चारेक वर्षं बसून तो केला. दिसायला चौकोनी ठिपक्यांची चित्रं, गाजर-कोबी लावायचे, कोंबड्या पाळायच्या. पण त्या गावात शेन नावाचा माणूस आहे, तो कोंबड्यांवर जीव लावतो आणि दारूत बुडालेला आहे. एका पावसाळी प्रसंगात तो कड्यावर पडलेला सापडतो आणि त्याला जगावंसं वाटत नाही. तुम्ही त्याला दवाखान्यात नेता. पुढे तो उपचार घ्यायचं ठरवतो. पॅम नावाची आई रोज संध्याकाळी बारमध्ये असते आणि तिची मुलगी पेनी त्या लहानशा घरातला पसारा आवरत गावातल्या दोन पोरांना शिकवते. लढाईवरून परत आलेला केंट आहे. एवढं सगळं असून अमेरिकेत त्या खेळावर दहा वर्षांपुढच्या सर्वांसाठी असा शिक्का आहे. त्यात एकही उघडं अंग नाही. मुलीनं मला पेनीचं घर दाखवलं तेव्हा मला वाड्यातली ती मुलगी आठवली.

शरीराच्या गोष्टीवरही लिहिते, नाहीतर मी तो विषय टाळला असं त्या विद्यार्थ्याला वाटेल. ‘सिम्स’मध्ये पांघरूण हलतं, आणि त्याला ‘वुहू’ म्हणतात. आंघोळीच्या वेळी अंगावर धूसर चौकोन येतात. अमेरिकेत या खेळावर तेरा वर्षांपुढचा शिक्का आहे, युरोपात बारा. रशियानं २०१४ मध्ये तोच खेळ अठराच्या वर ठेवला, कारण त्यात दोन पुरुष लग्न करू शकतात. एकच खेळ, एकच पांघरूण, तीन ठिकाणी तीन वयं. तेव्हा नुसता आकडा बघून भिऊ नये आणि नुसता आकडा बघून निर्धास्तही होऊ नये, हे मी शिकले. मोठ्यांना त्यांच्यापुरता उघडा खेळ हवा असेल तर त्यांनी वेगळा, अठरावरचा शिक्का मारून घ्यावा, माझी हरकत नाही. पण तो पडदा काढल्यानं खेळ प्रौढ होईल हे मला पटत नाही. २०२४ च्या जुलैत ‘सिम्स ४’मध्ये एक छोटा बदल झाला. प्रत्येक पात्राच्या प्रेमाच्या मर्यादा ठरवता येऊ लागल्या: जोडीदारानं दुसऱ्याशी लाडीगोडी केली तर चालेल की नाही, शरीराची जवळीक केली तर चालेल की नाही. सोळा वर्षांच्या मुलीच्या आईला तो एक तक्ता शंभर उघड्या चित्रांपेक्षा जास्त प्रौढ वाटतो. माझ्या मुलीनं तो भरताना मला विचारलं होतं, “असं आधीच सांगायचं असतं?” मला माझ्या लग्नाच्या वेळी कोणी सांगितलं नव्हतं की असं सांगता येतं.

खेळाच्या कंपनीनं जे दिलं नाही ते मुलं बाहेरून आणतात, हेही त्या पालकांना माहीत असावं. त्याला मॉड म्हणतात. कोणीतरी अनोळखी माणूस फाइल बनवून ठेवतो, ती खेळाच्या फोल्डरात टाकली की झालं. त्यावर वयाचा शिक्का नसतो. काही मॉड फार सुंदर आहेत, कोणी लुगडी करतं, कोणी देवघर करतं. पण पांघरूण काढणारे मॉडही तिथेच, शेजारीच असतात. तुम्ही खेळ बंद कराल तर ही बाजू बंद होणार नाही. उलट मुलगी दार लावून बसेल.

आपल्याकडे सिनेमाला २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए सात, तेरा आणि सोळा अशी वयं लागली. ओटीटीवरच्या मालिकांना २०२१ च्या नियमांनी तशीच वयं लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांचा कायदा आला, तो मुख्यतः पैसे लावून खेळायच्या खेळांवर, आणि त्याची गरज होतीच. आमच्या गल्लीत दोन घरं त्यापायी बसली. पण जीवन मांडणाऱ्या या खेळांसाठी मुलांना आणि आईबापांना मराठीत वाचता येईल अशी एखादी ओळ, ‘यात मृत्यू आहे, यात दारू आहे, यात घटस्फोट आहे’, एवढी तरी असावी असं मला वाटतं. आणि प्रत्येक विषयाला वेगळी कळ असावी. ज्या घरात नुकतंच कोणी गेलं आहे, तिथे मृत्यू काही महिने बंद ठेवता यावा. म्हातारपण थांबवायची कळ ‘सिम्स’मध्ये आहेच, तशीच. मुलीनं तेरवीनंतर ती वापरली होती आणि एप्रिलात, आपल्या आपण, पुन्हा सुरू केली.

एका ठिकाणी मात्र मी ठाम ‘नको’ म्हणेन. मारहाण ही कळ दाबून करायची गोष्ट होऊ नये. पोहण्याच्या तलावाची शिडी काढून पात्राला बुडवणं हे पहिल्या खेळापासून सगळ्या मुलांनी केलं आहे, माझ्या मुलीनंही तलावाभोवती कुंपण घालून केलं, आणि त्यात मला काही भयंकर दिसलं नाही. आम्ही बाहुल्यांची मुंडकी काढायचो. पण बायकोवर हात उगारणारा नवरा खेळात आला, तर तो शेनसारखा यावा. शेजाऱ्यानं दार वाजवता येईल, बाईला पोरं घेऊन निघता येईल, असा यावा. वाड्यातल्या आजींनी केलं ते करण्याची सोय खेळात असावी.

२०२५ च्या मार्चमध्ये ‘इनझोई’ नावाचा नवा खेळ आला. पब्जीनंतर आपल्याकडे बीजीएमआय आणणाऱ्या क्राफ्टन या कोरियन कंपनीचाच आहे. माणसांचे चेहरे, केस, कापडाच्या चुण्या इतक्या हुबेहूब की मुलगी थक्क झाली. आमच्या लॅपटॉपवर तो चालत नाही, म्हणून आम्ही दुसऱ्यांचा खेळ पाहिला. मी त्यात घराचे कोपरे बघत होते. एवढी हुबेहूब घरं, आणि म्हाताऱ्या माणसासाठी संडासात धरायला एक दांडी मला दिसली नाही.

पुण्या-मुंबईत आणि आता नागपुरातही मुलं खेळ बनवायला शिकत आहेत. त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर माझ्याकडे रॅम्पचे, दारांचे, पलंगाच्या उंचीचे नकाशे आहेत, बाबांच्या खोलीचे सगळे मापांसकट. फुकट देईन. मे महिन्यातलं नागपूरचं घर, वाळ्याच्या ताट्या, कूलरमध्ये पाणी भरायची पाळी, दुपारी झोपलेला म्हातारा माणूस आणि त्याची कूस बदलायला दर दोन तासांनी उठणारी मुलगी, हे कोणी खेळात आणलं तर मी तो पहिल्या दिवशी विकत घेईन.

मुलगी आता अकरावीत आहे. खेळात रॅम्प मिळत नाही म्हणून तिनं जमीन उचलायचं अवजार वापरून आबाजींच्या खोलीपर्यंत मातीचा उतार केला आहे आणि खोलीला दुहेरी दार लावलं आहे. उतार बरोबर झाला का, हे ती मला विचारते. मी पडद्यावर बोटानं मोजते.

त्या पालकांना माझी विनंती आहे. माझा पत्ता आपल्या कार्यालयात आहे, तो त्यांना जरूर द्यावा. रविवारी चारनंतर आम्ही घरीच असतो. लेकीला घेऊन यावं, दोघी पोरी एकमेकींची घरं दाखवतील, आपण चहा घेऊ, आणि ते पांघरुणाचं काय ते मुलीला माझ्यासमोर विचारायचं असेल तर तसंही विचारू.

आपली,
एक आरेखक, महाल, नागपूर
(नाव व पत्ता संपादकांकडे नोंदवला आहे)